विजेची मोटार की वडिलांची जीप?

मालेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव उभे राहते. हा लेख दुसऱ्या मालेगावचा आहे. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरचा घाट चढून आल्यावर जे मालेगाव लागते ते. तिथल्या एका शिक्षकमित्राने गेल्या वर्षी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. प्रश्न घरगुती होता, पण सोडवायला बसलो तेव्हा त्यात आठवीपासून दहावीपर्यंतचे बरेचसे विज्ञान आणि बीजगणित निघाले. म्हणून तो इथे मांडत आहोत.

हे मित्र वाशिमच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर. घरी वडिलांची १९७४ सालची पेट्रोलवर चालणारी जीप आहे. काही वर्षांपासून ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. मिस्त्रींनी तपासून सांगितले, की इंजिन, ब्रेक आणि पत्र्याचे काम धरून तीन लाख रुपये लागतील, मग गाडी नव्यासारखी पळेल. मुलाचे म्हणणे असे, की जुन्याच्या नादी लागू नका, बारा लाखांत विजेची मोटार मिळते, ती घ्या. धाकट्या भावाचे म्हणणे, दादांची जीप भंगारात जाता कामा नये. साठवलेला पैसा दोन्हींना पुरणारा नव्हता. शिवाय जीप एकदा मोडीत निघाली की परत येणार नव्हती, आणि चुकीच्या गाडीत गेलेला पैसाही परत येणार नव्हता. मित्र म्हणाले, "भावना बाजूला ठेवून हिशेब करू या."

आम्ही म्हटले, करू या. मात्र भावना अगदीच बाजूला ठेवायला नकोत. त्यांचीही किंमत किती पडते, ते हिशेबातून कळेलच.

एका किलोमीटरला ऊर्जा किती?

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ९ युनिट उष्णता मिळते. (विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे आपण जाणतोच.) ही जीप लिटरला ९ किलोमीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला एक युनिट! विजेच्या मोटारीला अशाच रस्त्यावर बॅटरीतून सुमारे ०.१५ युनिट पुरते. म्हणजे जीप जवळजवळ सातपट ऊर्जा घेते.

असे का? पेट्रोलच्या इंजिनात उष्णतेचे रूपांतर गतीत होते, आणि या रूपांतराला निसर्गाने मर्यादा घातली आहे. जुन्या इंजिनात पाचपैकी चार भाग उष्णता रेडिएटर, धूर आणि घर्षण यांच्या वाटेने निघून जाते. जीपचे बॉनेट हाताला चटका देते, तो चटका म्हणजे आपण विकत घेतलेले पेट्रोलच. विजेच्या मोटरमध्ये उष्णतेची पायरी नसते, म्हणून बॅटरीतली ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते.

पण इथेच थांबलो तर हिशेब अर्धवट राहील. बॅटरीत वीज आली कुठून? आपल्याकडे ती मुख्यतः कोळशातून येते. मालेगावहून फार लांब नसलेल्या पारसच्या औष्णिक केंद्राचेच उदाहरण घ्या. तिथेही उष्णतेची पायरी आहेच. कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे ३५ टक्के भागाची वीज होते. तारांमधून येताना आणि बॅटरीत भरतानाही थोडी गळती होते. बॅटरीतून ०.१५ युनिट लागत असेल तर घरच्या सॉकेटमधून ०.१७ आणि वीजकेंद्रातून ०.२० युनिट निघावे लागते. त्यासाठी कोळशाची उष्णता लागते सुमारे ०.५७ युनिट. म्हणजे सातपटीचा फरक दुपटीच्याही खाली आला. विजेची मोटार पुढेच आहे, पण जाहिरातीत दिसते तितकी नाही. मात्र छपरावर सौर तावदाने असतील, तर ही मधली पायरीच गळून पडते.

जोर कुठून येतो?

मित्रांच्या मुलाचा एक मुद्दा वेगळा होता. "बाबा, विजेची गाडी जोरात उठते." ते खरे आहे. पेट्रोलचे इंजिन थांबलेल्या अवस्थेत जोर देऊ शकत नाही. ते आधी फिरत असावे लागते, आणि विशिष्ट वेगाला पोहोचल्यावरच त्याचा फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, पुरेसा होतो. क्लच आणि गिअर आले ते याचसाठी. विजेची मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते. यात नवे काही नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. बेल्जियमच्या कामी जेनात्झी यांनी एप्रिल १८९९ मध्ये तो विक्रम केला. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ पासून गाड्यांना विजेचा स्टार्टर येऊन हँडल मारण्याची कटकट संपू लागली आणि विजेची मोटार मागे पडली.

मग वेगाचे शौकीन जुन्या किंवा हाताने जोडलेल्या गाड्यांकडे का वळतात? उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. बल वाढवता येत नसेल तर वस्तुमान घटवा. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या पेटीतून घरी जोडता येत असे. तिचे वजन ५०० किलोंच्या आसपास. इंजिन लहान, पण गाडी चपळ. आपल्याकडे गोव्यात सॅन मोटर्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस दोन आसनांची 'स्टॉर्म' काढली, तीही फायबरग्लासच्या हलक्या कवचाची. आणि जीप तरी काय? स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबईत महिंद्रांनी जीप आणली, तीही सुटे भाग आयात करून जोडलेली. वडिलांच्या जीपचे पूर्वजही असे पेटीतूनच आले होते.

विजेच्या मोटारीचे दुखणे नेमके उलट आहे. जोर भरपूर, पण बॅटरीचे ओझेही भरपूर. माणसे धरून वजन १६०० किलोंच्या घरात जाते.

घाट आणि समृद्धी

हे ओझे रस्त्यावर काय करते ते पाहू. अकोल्यापेक्षा मालेगाव सुमारे २५० मीटर उंच आहे असे धरू. १६०० किलोंची मोटार तितकी वर चढवायला लागणारी ऊर्जा mgh, म्हणजे १६०० × १० × २५० = ४० लाख ज्यूल, जवळजवळ १.१ युनिट. जीप माणसांसह १३०० किलो धरली तर तिला ०.९ युनिट लागेल. पण तिचे इंजिन एकपंचमांशच ऊर्जा कामाला लावते. म्हणून प्रत्यक्षात साडेचार युनिट, म्हणजे अर्धा लिटर पेट्रोल केवळ घाट चढायला जाते.

गंमत उतरताना आहे. जीप उतरताना ब्रेक दाबले, की घाटात साठवलेली सगळी स्थितिज ऊर्जा ब्रेक तापवण्यात संपते. विजेच्या मोटारीची मोटर उतारावर जनित्र होते आणि बॅटरी भरते. १.१ युनिटांपैकी सुमारे ६० टक्के परत आले, तरी चार किलोमीटरची बेगमी झाली. सायकलचा डायनॅमो चालू केला की पेडल जड होते, तेच हे.

आता सपाटीचा रस्ता. मालेगाव परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. साधारण बांध्याच्या विजेच्या मोटारीसाठी आम्ही काढलेले अंदाज असे :

ताशी ६० किमी : दर किलोमीटरला ०.१० युनिट
ताशी ८० किमी : दर किलोमीटरला ०.१४ युनिट
ताशी १२० किमी : दर किलोमीटरला ०.२३ युनिट

बॅटरीतली ४० युनिटे वापरायची ठरवली, तर ही मोटार अनुक्रमे ४००, २८५ आणि १७५ किलोमीटर जाईल. मालेगाव ते नागपूर अंतर दोनशेहून अधिक. म्हणजे ताशी १२० ने निघालेल्याला वाटेत चार्जिंगसाठी थांबावे लागेल आणि ताशी ८० ने निघालेला न थांबता पोहोचेल! ससा-कासवाच्या गोष्टीचा हा भौतिकशास्त्रातला पुरावा विद्यार्थ्यांना फार आवडतो.

जुन्या गाडीची खरी दुखणी

जीपच्या बाजूने बोलणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, धूर. १९७४ च्या इंजिनाला धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन ती थेट हवेत सोडते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बंद शेडमध्ये अशी गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, हे मुलांना जरूर सांगावे.

दुसरी, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल उसापासून किंवा धान्यापासून होते, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच. पण ते हवेतले पाणी शोषते आणि जुन्या रबराला फुगवते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी गंजणे, कार्ब्युरेटर चोंदणे, नळी चिरून पेट्रोल गळणे असे प्रकार होतात. दुरुस्तीच्या यादीत नळ्या आणि वॉशर सर्वांत वर हवेत.

तिसरी, कायदा. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची तपासणी करून नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच. जीपला मोठी चाके लावून, सांगाडा बदलून 'रुबाब' आणण्याची हौस अनेकांना असते. परंतु मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अडसर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

स्वतः गाडी बनवणाऱ्यांची वाट तर याहून अवघड. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे साठ हजार रुपयांत लहानशी जीप बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचे जाहीर कौतुक केले, पण नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल हेही सांगितले. बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली. कल्पकतेला दाद मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. ब्रेक, दिवे आणि टकरीतली सुरक्षा तपासल्याखेरीज कोणतेही वाहन इतरांच्या जिवाशेजारून धावू नये, हा नियमामागचा विचारही योग्यच आहे.

विजेच्या मोटारीचीही दुखणी आहेत. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती तासाला सुमारे तीन युनिटे घेते. रिकामी बॅटरी भरायला रात्र अपुरी पडू शकते, आणि वीज गेली तर सकाळची पंचाईत. शिवाय आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे आणि तारतंत्रीकडून ते मोजून घेणे आवश्यक आहे.

दोन रेषा

आता मुख्य हिशेब. दहावीच्या मुलांना दोन चलांतील रेषीय समीकरणे असतात. क्ष म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालणार, आणि य म्हणजे एकूण खर्च, असे धरू.

पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर जीपला किलोमीटरला सुमारे १२ रुपये, आणि देखभालीचे ३, मिळून १५. विजेच्या मोटारीला युनिटला १२ रुपये दराने २ रुपये, आणि देखभालीचा १, मिळून ३.

जीप : य = ३,००,००० + १५क्ष
विजेची मोटार : य = १२,००,००० + ३क्ष

एक रेषा खालून सुरू होते पण चढी आहे, दुसरी वरून सुरू होते पण जवळजवळ आडवी. दोन्ही छेदतात तिथे १२क्ष = ९,००,०००, म्हणजे क्ष = ७५,००० किलोमीटर. त्याआधी जीप स्वस्त, त्यानंतर विजेची मोटार.

हीच रीत कार्बन डाय ऑक्साइडला लावू. नवी मोटार बॅटरीसह तयार होताना ९ टन, म्हणजे ९,००० किलो वायू हवेत गेला असे धरू. जीप पन्नास वर्षांपूर्वीच तयार झाली आहे, तिचा हा आकडा आज शून्य. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो वायू होतो. खनिज तेल काढणे आणि शुद्ध करणे धरून तो सुमारे २.८ किलो, म्हणजे जीपसाठी किलोमीटरला ०.३१ किलो. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. केंद्रातून ०.२० युनिट लागते, म्हणून विजेच्या मोटारीसाठी ०.१४ किलो.

जीप : य = ०.३१क्ष
विजेची मोटार : य = ९,००० + ०.१४क्ष

या रेषा सुमारे ५३,००० किलोमीटरवर छेदतात. सौर वीज वापरली तर ०.१४ च्या जागी ०.०१ येते, आणि छेदनबिंदू ३०,००० किलोमीटरवर सरकतो.

म्हणजे 'कोणती गाडी चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न, 'ती किती चालणार?' मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीच घ्या. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या तेव्हा अनेकांना हुरहूर लागली. पण दिवसभर गर्दीत धावणाऱ्या टॅक्सीसाठी तो नियम रास्तच होता. तीच पद्मिनी कुणाच्या वाड्यात उभी राहून वर्षाकाठी हजार किलोमीटर जात असेल, तर तिचा हिशेब अगदी निराळा.

क्ष ची किंमत

मित्रांनी हा आलेख दहावीच्या वर्गात फळ्यावर काढला. स्वतःचा क्ष मांडला : शाळेचे २२५ दिवस, रोज ४० किलोमीटर, म्हणजे ९,०००. इतर हजार धरून वर्षाला १०,०००. दहा वर्षांत एक लाख. दोन्ही छेदनबिंदूंच्या पुष्कळ पलीकडे! विजेची मोटार जिंकली. मुलांनी टाळ्याही वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पण तुम्ही तर तीन वर्षांनी निवृत्त होणार ना?"

वर्ग शांत झाला. सरांनी डस्टर घेतला आणि क्ष पुन्हा मांडला. तीन वर्षांचे ३०,०००, आणि पुढच्या सात वर्षांत गावातल्या गावात वर्षाला दीड हजार, म्हणजे साडेदहा हजार. एकूण ४०,५००. आता हा आकडा ७५,००० च्याही अलीकडे आला आणि ५३,००० च्याही. सौर तावदाने बसवली तरच ३०,००० ची रेषा ओलांडली जात होती, पण त्यांचा खर्च वेगळा.

मग दुसऱ्या एका मुलाने विचारले, "सर, एस.टी.ची रेषा का नाही काढली?" ती काढली. डिझेलची बस लिटरला पाच किलोमीटर जाते आणि चाळीस माणसे नेते असे धरले, तर एका माणसामागे किलोमीटरला ०.०१६ किलो वायू पडतो. एकट्याने नेलेल्या विजेच्या मोटारीच्या जवळपास नवव्या हिश्शाइतका. आणि सुरुवातीचा खर्च शून्य. ही रेषा दोन्हींच्या खालून गेली.

मित्रांचा निर्णय त्या आठवड्यात झाला. रोजची शाळा एस.टी.ने. जीप दुरुस्त करून ठेवायची, तीही आधी ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, रंगरंगोटी शेवटी. व्हिंटेज नोंदणी न घेता नेहमीचीच नोंदणी नवी करायची. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर, शेतावर आणि पाहुण्यांकडे जाण्यापुरते. भाऊ खूश झाला. मुलगा जरा हिरमुसला, पण आलेख त्यानेच तपासून दिला होता.

त्यांच्याच शाळेतले एक तरुण सहकारी मालेगावहूनच येतात. त्यांची नोकरी अठ्ठावीस वर्षे राहिली आहे, घरावर सौर तावदाने बसवायला जागा आहे, आणि वाटेवरच्या आणखी दोघी शिक्षिका सोबत यायला तयार आहेत. त्यांनी तोच आलेख वापरला आणि विजेची मोटार घेतली. आलेख एकच, रस्ता एकच, पण उत्तरे दोन. आणि दोन्ही बरोबर.

वर्गात करून पाहा

१. घरातल्या किंवा शेजारच्या एका वाहनाचा महिन्याचा प्रवास आणि इंधन नोंदवायला सांगा. दर किलोमीटरला किती युनिट ऊर्जा लागली ते काढा.

२. आम्ही 'धरू' म्हणून घेतलेले आकडे बदलून पाहा. पेट्रोल १२० रुपये झाले तर? विजेची मोटार नऊ लाखांना मिळाली तर? तीच मोटार जुन्या बाजारात सहा लाखांना मिळाली तर छेदनबिंदू किती सरकतो?

३. विजेच्या मोटारीत तिघे बसले तर दर माणशी रेषा कशी बदलते? एस.टी. अर्धी रिकामी गेली तर?

४. सायकलचा डायनॅमो चालू आणि बंद ठेवून उतारावर सायकल सोडा. कोणती लवकर थांबते, आणि का?

हे करताना मुलांना उत्तर आधी सांगू नये. प्रत्येकाचा क्ष वेगळा असतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडणे हेच या गणितातले सर्वांत अवघड काम. आमच्या मित्रांनाही ते मागच्या बाकावरच्या मुलीने सांगावे लागले.